शब्दशंका : दोन अक्षरे, पाच वाटा

प्रश्न : घरात परवा सहज एक वाक्य बोलले गेले : ‘बस झालं खेळणं, आता बसमध्ये बस.’ त्यावर लहान मुलीने विचारले की, हे तिन्ही ‘बस’ एकच आहेत का? मी ‘बसायची गाडी म्हणून बस’ असे सांगून वेळ मारून नेली. परंतु उत्तर चुकले असावे, असे तेव्हापासून वाटत आहे. कृपया खुलासा करावा.

उत्तर : उत्तर चुकले आहे, पण ही चूक मराठी माणसाला अगदी सहज होण्यासारखी आहे. ‘जिच्यात बसतात ती बस’ ही व्युत्पत्ती इतकी सोयीची आहे, की ती खरी नाही हे सांगताना थोडे वाईटच वाटते. मात्र या गाडीला जिथे हे नाव मिळाले, तिथे मराठीतले ‘बसणे’ कोणाच्या कानावरूनही गेलेले नव्हते. आपल्या वाक्यातले तीन ‘बस’ तीन निरनिराळ्या वाटांनी मराठीत आले. पहिला फारसीतून आला, दुसरा लॅटिनमधून फ्रेंच-इंग्रजीमार्गे आला, आणि तिसरा तेवढा आपला घरचा आहे.

घरच्यापासून सुरुवात करू. ‘बसणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘उपविश्’ या धातूपासून आले. ‘विश्’ म्हणजे शिरणे, आत जाणे (‘प्रवेश’ हा शब्द त्यातूनच झाला) आणि ‘उप’ जोडल्यावर त्याचा अर्थ ‘जवळ जाऊन स्थिरावणे, बसणे’ असा होतो. प्राकृतात ‘उवविसइ’ असे रूप झाले. पुढे आरंभीचा ‘उ’ गळाला, ‘प’ आणि ‘व’ यांच्या शेजारातून ‘ब’ उरला आणि ‘बैसणे’ तयार झाले. संतवाङ्मयात ‘बैसे’, ‘बैसला’, ‘बैसोनि’ ही रूपे जागोजागी भेटतात, आणि बोलीभाषेत ‘बैस की जरा’ अजूनही ऐकू येते. प्रमाण मराठीने त्यातला ‘ऐ’ सोडून दिला आणि ‘बस’ एवढेच ठेवले. गुजरातीत हेच क्रियापद ‘बेसवुं’ असे आहे. हिंदीने मात्र वेगळा रस्ता धरला. तिने ‘उपविष्ट’ म्हणजे ‘बसलेला’ या धातुसाधितापासून ‘बैठना’ हे क्रियापद घडवले. ‘बैठक’, ‘बैठा खेळ’, ‘बैठे काम’ या शब्दांमुळे तोही धागा मराठीत आहेच. म्हणजे बैठकीत बसणारा माणूस एकाच धातूची दोन रूपे एका दमात वापरत असतो.

‘बसणे’ने मराठीत जेवढा संसार मांडला आहे, तेवढा फार थोड्या क्रियापदांनी मांडला असेल. घसा बसतो, भिंत बसते, घडी बसते, जम बसतो, विश्वास बसतो, दातखीळ बसते, मार बसतो आणि खर्चही ‘किती बसला’ असे विचारले जाते. यात कोणीही आसनावर टेकत नाही. कुठे खाली जाणे आहे, कुठे नेमक्या जागी जाऊन पक्के होणे आहे, तर कुठे अंगावर येऊन आदळणे आहे. शिवाय ‘तो बोलत बसला’ आणि ‘ती भलतेच कबूल करून बसली’ या वाक्यांत तर हे क्रियापद केवळ बोलणाऱ्याची नापसंती दाखवते. वेळ वाया गेला किंवा करू नये ते हातून झाले, एवढेच त्याला सांगायचे असते. ‘तो बोलत उभा राहिला’ या वाक्यात ही कुरकुर नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या ‘विश्’चे नातेवाईक दूरवर पसरलेले आहेत. संस्कृतात ‘विश्’ हे नामही आहे. त्याचा अर्थ वस्ती, त्या वस्तीतले लोक, आणि ‘वैश्य’ शब्द त्यावरून झाला. लॅटिनमधील ‘वीकुस’ म्हणजे खेडे किंवा वस्ती आणि ग्रीकमधील ‘ऑइकोस’ म्हणजे घर हे शब्द याच मुळाचे आहेत. ‘इकॉनॉमी’ या शब्दाचा पूर्वार्ध म्हणजे हाच ‘ऑइकोस’. तेव्हा ‘बस’ची नातलग शोधायची तर ती रस्त्यावरच्या गाडीत न सापडता अर्थव्यवस्थेत सापडते.

आता गाडी. १८२०च्या दशकात फ्रान्समधील नांत या शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने ठरावीक मार्गावर, पैसे देईल त्या कोणालाही घेऊन जाणारी घोडागाडी सुरू केली. तिला ‘ऑम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’ हे लॅटिन नाव मिळाले. नांतमध्ये ओम्नेस आडनावाच्या एका टोपीविक्याने आपल्या दुकानावर ‘ओम्नेस ऑम्निबुस’ अशी पाटी लावली होती आणि गाडी तिथून सुटत असल्यामुळे तिला ते नाव पडले, अशी एक गोष्ट सांगतात. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. १८२८मध्ये या गाड्या पॅरिसमध्ये धावू लागल्या आणि ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबीर याने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर तीन घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. नाव लांबलचक होते आणि लोकांना घाई होती. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचा मागचा तुकडा तेवढा ठेवला आणि ‘बस’ जन्माला आली.

इथे व्याकरणाची एक गंमत झाली. लॅटिनमध्ये ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व. ‘ऑम्निबुस’ हे त्याचे चतुर्थी बहुवचन, आणि त्यातले ‘बुस’ हा केवळ विभक्तीचा प्रत्यय आहे. म्हणजे ‘सर्वांसाठी’मधले ‘सर्व’ टाकून दिले आणि ‘साठी’ तेवढे उरले. आज आपण ज्या शब्दाला पूर्ण नाम समजतो, ते मुळात प्रत्ययाचे शेपूट आहे.

ज्यांनी शाळेत ‘रामाय रामाभ्याम् रामेभ्यः’ घोकले असेल, त्यांना हे शेपूट ओळखीचे वाटायला हरकत नाही. संस्कृतातील चतुर्थी बहुवचनाचा ‘भ्यः’ आणि लॅटिनमधील ‘बुस’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे दोन वंशज आहेत. हे साम्य नुसत्या आवाजापुरते नाही. संस्कृतात ‘रामेभ्यः’ हे रूप चतुर्थीचेही असते आणि पंचमीचेही. लॅटिनमध्येही ‘ऑम्निबुस’ हे एकच रूप ‘सर्वांसाठी’ आणि ‘सर्वांपासून’ अशा दोन्ही विभक्तींचे काम करते. ‘ऑम्निबुस’चे संस्कृत भाषांतर करायचे तर ‘सर्वेभ्यः’ असेच होईल आणि इंग्रजांच्या रीतीने त्याचा संक्षेप केला तर हाती ‘भ्यः’ उरेल. तेव्हा मुलीला ‘बस म्हणजे बसायची गाडी’ असे सांगण्याऐवजी ‘बस म्हणजे रामेभ्यःमधला भ्यः’ असे सांगता येईल. तिला ते पटेल की नाही, याची हमी मात्र देता येत नाही.

हा शब्द रस्त्यापुरताही राहिला नाही. वीज-वितरणाच्या पॅनेलमध्ये तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जी जाड पट्टी असते आणि जिच्यावरून अनेक वायरी प्रवाह घेतात, तिला इलेक्ट्रिशियन ‘बसबार’ म्हणतात. तो ‘ऑम्निबस बार’चाच संक्षेप आहे. संगणकात निरनिराळ्या भागांमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या सामाईक मार्गालाही ‘बस’ म्हणतात, आणि ‘यूएसबी’मधला ‘बी’ त्याच ‘बस’चा आहे. त्यातल्या ‘यू’चा अर्थ सार्वत्रिक. मुळाकडे जाऊन पाहिले, तर ‘सर्वांसाठी’ ही गोष्ट त्या तीन अक्षरांत दोनदा सांगितलेली आहे.

राहिला आपल्या वाक्यातला पहिला ‘बस’, म्हणजे ‘पुरे’. तो फारसीतला आहे आणि ‘बस्स’, ‘बास’ अशा रूपांत मराठीत पूर्ण मुरला आहे. त्यातला दुहेरी ‘स्स’ मराठी माणसाने रागाच्या भरात घातला असावा, असे आपले मला वाटते. या फारसी ‘बस’ची खरी हकिकत मात्र पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात येईल, कारण तिथे त्याचा हरवलेला भाऊ भेटतो.

प्रश्न : हिंदीत ‘यह मेरे बस की बात नहीं’ आणि ‘वह उस शहर में बस गया’ अशी वाक्ये वाचतो. पहिल्यातला ‘बस’ म्हणजे ‘पुरे’ आणि दुसऱ्यातला म्हणजे ‘बसणे’ असे धरावे काय?

उत्तर : दोन्ही धरू नयेत. हिंदीत आणखी दोन ‘बस’ आहेत आणि मराठीत ते ‘ब’ने सुरू होत नाहीत, म्हणून आपल्याला ते पटकन ओळखू येत नाहीत. संस्कृतातील शब्दारंभीचा ‘व’ मराठीने आणि गुजरातीने बहुतेक ठिकाणी सांभाळला, तर हिंदीने त्याचा ‘ब’ केला. आपला वीस तिकडे बीस, वाघ तिकडे बाघ, वाट तिकडे बाट. याच नियमाने आपल्या ‘वश’चा तिकडे ‘बस’ झाला आणि ‘वसणे’चे ‘बसना’ झाले. ‘मेरे बस में नहीं’ म्हणजे ‘माझ्या वशात नाही’ आणि ‘बस गया’ म्हणजे ‘वसला’, वस्ती करून राहिला. हिंदीत ज्याला ‘बस्ती’ म्हणतात तिला आपण ‘वस्ती’ म्हणतो, एवढे आठवले तरी पुरे.

त्यामुळे हिंदीत एक वाक्य असे रचता येते : ‘बस, अब मेरे बस में नहीं कि इस शहर में बसूँ और रोज़ बस में बैठूँ।’ यात चार ‘बस’ आहेत आणि चारांचे अर्थ वेगळे आहेत. मराठी माणसाला ज्या अर्थाची पहिल्यांदा आठवण होते तो ‘बसणे’चा अर्थ मात्र त्या चारांत नाही. तो ‘बैठूँ’मध्ये जाऊन बसला आहे. मराठी माणूस हिंदी बोलताना आणि हिंदी माणूस मराठी शिकताना हमखास अडखळतो तो इथेच. ‘तो तिकडेच बसला’ हे वाक्य ऐकून हिंदीभाषकाला त्याने तिकडे घर केले असे वाटू शकते, आणि मराठीत तर तो फक्त रुसून बसलेला असतो. नेपाळीत तर ‘बस्नु’ या एकाच क्रियापदाने बसणे आणि राहणे हे दोन्ही अर्थ सांगितले जातात. तिथे पाहुण्याला आसन देतानाही तेच क्रियापद येते आणि तो कोठे राहतो हे विचारतानाही तेच. बसणे आणि राहणे यांत फार अंतर नाही, हे नेपाळीने ओळखले म्हणायचे.

‘वसणे’च्या मुळाशी संस्कृतातील ‘वस्’ म्हणजे राहणे, मुक्काम करणे हा धातू आहे. निवास, वसती, प्रवास हे शब्द त्याचेच. इंग्रजीतील ‘वॉज’ हे भूतकाळी रूपही याच मुळाचे आहे. ‘होता’ असे सांगण्यासाठी इंग्रजी भाषा मुळात ‘राहिला होता’ असे म्हणत आली आहे.

‘वश’ची गोष्ट अधिक रंजक आहे. संस्कृतात ‘वश्’ या धातूचा अर्थ इच्छिणे असा आहे. त्यामुळे ‘वश’ म्हणजे आधी इच्छा आणि मग जिची इच्छा चालते तिची सत्ता. ‘परवश’ म्हणजे जो दुसऱ्याच्या इच्छेने चालतो तो, ‘विवश’ म्हणजे ज्याची स्वतःची इच्छा चालत नाही तो, आणि जे कोणाच्याही इच्छेच्या ताब्यात नाही, म्हणून होणारच, ते ‘अवश्य’. आपण आमंत्रणाच्या शेवटी ‘अवश्य यावे’ असे लिहितो, तेव्हा त्याचा मुळाबरहुकूम अर्थ ‘आपल्या मर्जीचा प्रश्न नाही, यावेच लागेल’ असा होतो. सुदैवाने पाहुणे मुळापर्यंत जात नाहीत.

आता फारसीकडे वळू. फारसीतील ‘बस’ हा मध्य-फारसीत ‘वस’ असा होता आणि त्याचा अर्थ ‘पुष्कळ’ असा होता. त्याच्याही मागे जुन्या फारसीत ‘वसिय्’ हे रूप मिळते. इ.स.पू. ५२०च्या सुमारास इराणचा सम्राट पहिला दारियस याने बेहिस्तूनच्या कड्यावर जो शिलालेख कोरवून घेतला, त्यात आपल्या सैन्याने बंडखोरांना ‘वसिय्’ हाणल्याचे तो पुन्हा पुन्हा सांगतो. भाषांतरकार त्याचे ‘अत्यंत, पुरेपूर’ असे भाषांतर करतात. पण त्याचा मूळ अर्थ ‘मनमुराद, हवे तितके’ असा आहे, कारण ते ‘इच्छा’ या अर्थाच्या शब्दाचे रूप आहे. आणि तो शब्द दुसरा कोणताही नसून संस्कृतातील ‘वश’चाच इराणी भाऊ आहे. हवे तितके म्हणजे पुष्कळ, आणि पुष्कळ झाले म्हणजे पुरे, असा त्याचा प्रवास झाला. फारसीनेही हिंदीप्रमाणेच आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ केला, मात्र तो स्वतंत्रपणे; विंशतीचा अर्थ असलेला तिचा शब्द ‘बीस्त’ आहे आणि संस्कृत ‘वात’शी नाते असलेला वाऱ्याचा शब्द ‘बाद’ आहे.

म्हणजे हिंदी वाक्यातला ‘बस, अब मेरे बस में नहीं’ हा जो तुकडा आहे, त्यातले दोन ‘बस’ मुळात सख्खे निघाले. एक इराणात वाढला, एक भारतात. दोघांनी आपापल्या घरी ‘व’ टाकून ‘ब’ घेतला, आणि शतकांनंतर ते एकाच भाषेत एकमेकांना न ओळखता शेजारी बसले. ‘बेबस’ या शब्दात तर फारसी ‘बे’ हा उपसर्ग संस्कृतोद्भव ‘बस’ला लागला आहे. मराठीत भावाभावांची ही गाठ पडूनही कळत नाही, कारण आपण घरचा ‘वश’ शाबूत ठेवला आणि फारसीचा ‘बस’ तयार स्वरूपात घेतला. ‘बस्स’ आणि ‘अवश्य’ एकाच मुळाचे आहेत, हे सांगितल्यावर माणसे संशयाने पाहतात. पण आहे ते असे.

फारसीतला हा शब्द अरबी बोलींतही गेला. इजिप्तमध्ये आणि आखाती देशांत ‘बस्’ म्हणजे ‘पुरे’, ‘फक्त’ आणि ‘पण’ असे तिन्ही अर्थ संदर्भानुसार होतात. हा अर्थविस्तार आपल्यालाही कळण्यासारखा आहे : ‘बस, एवढंच’ म्हणताना आपण ‘पुरे’वरून ‘फक्त’वर येतोच. ‘मला बस एक मिनिट हवे’ अशी हिंदी वळणाची वाक्ये हल्ली मराठीत दिसतात. लिखाणात तिथे ‘फक्त’ वापरावा, असा माझा आग्रह आहे. अर्थात ‘फक्त’ हाही अरबीतूनच आलेला आहे, तेव्हा हा आग्रह शुद्धतेच्या नावाखाली धरता येत नाही. रुळलेल्या वापराच्या नावाखाली धरता येतो.

प्रश्न : इटालियन भाषेत ‘बास्ता’ म्हणजे ‘पुरे’. आपल्या ‘बास’शी त्याचे नाते असणार ना?

उत्तर : नाही. ‘बास्ता’ हे ‘बास्तारे’ म्हणजे ‘पुरेसे असणे’ या क्रियापदाचे रूप असून त्याचा संबंध ग्रीकमधील ‘भार पेलणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी लावला जातो. फारसी ‘बस’मधला ‘ब’ मुळात ‘व’ होता, हे वर आलेच आहे. इटालियन शब्दातला ‘ब’ तसा नाही. अर्थ जुळला, आवाज जुळला, पण मुळे जुळली नाहीत. असे आणखीही आहेत. डच भाषेत ‘बुस’ म्हणजे बसगाडी, आणि ‘बुस’ म्हणजे डबाही. दुसरा लॅटिन-ग्रीकमधील डबीवाचक शब्दापासून आलेला आहे. कन्नडमधील ‘बसव’ हा ‘वृषभ’चा वंशज आहे. कन्नडमध्ये जैन मंदिराला ‘बसदि’ म्हणतात, तो मात्र आपल्या ‘वसती’चाच, म्हणजे हिंदी ‘बस्ती’चा चुलतभाऊ.

प्रश्न : ‘बस’चे अनेकवचन ‘बसेस’ करावे की ‘बसगाड्या’?

उत्तर : ‘बसेस’मध्ये इंग्रजी प्रत्यय जशाच्या तसा आला आहे, म्हणून ते रूप मला खटकते, परंतु लोकांना ते का सुचले, हे समजू शकते. मराठीत व्यंजनान्त उच्चाराच्या स्त्रीलिंगी नामाचे अनेकवचन ‘वाट–वाटा’ असे किंवा ‘भिंत–भिंती’ असे होते. ‘बस’चे ‘बसा’ करावे, तर समोरच्याला आसन दिल्यासारखे होते. ‘बशी’ करावे, तर निराळीच वस्तू हाती येते. म्हणून बहुतेक जण ‘दोन बस आल्या’ असे म्हणून अनेकवचनाचे ओझे क्रियापदावर टाकतात, आणि बोलण्यात ते चांगले चालते. अडचण विभक्ती लावताना येते. ‘बसला धक्का बसला’ या मथळ्यात पहिला ‘बसला’ हे नाम आणि दुसरा हे क्रियापद, हे कोणताही मराठी वाचक न अडखळता ओळखतो. तेच दोन गाड्यांच्या बाबतीत लिहायचे झाल्यास ‘बसना’, ‘बसांना’ की ‘बसेसना’ असा घोळ होतो. तिथे ‘दोन बसगाड्यांना धक्का बसला’ असे लिहावे.